इराणी राजवाड्यांची भित्तिचित्रं आणि त्यांचे वारसदार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इराणी चित्रकला म्हटलं की बहुतेकांना पोथीतलं नाजूक, सोनेरी कडांचं पान आठवतं. राजवाड्यांच्या भिंतींवरची माणसाएवढी चित्रं त्यामानाने कमी लोकांना ठाऊक असतात. अजिंठा जवळ असलेल्या आणि मुघलांचा इतिहास शाळेत शिकलेल्या मराठी वाचकांना या चित्रांविषयी जे प्रश्न हमखास पडतात, ते इथे घेतले आहेत. भर इस्फहानच्या सफवी राजवाड्यांवर (सफवी म्हणजे सोळाव्या ते अठराव्या शतकात इराणवर राज्य करणारं घराणं) आहे, कारण सर्वांत जास्त आणि सर्वांत चांगलं तिथेच टिकलं आहे.

इराणमध्ये राजवाड्याच्या भिंती रंगवण्याची पद्धत किती जुनी आहे?

इस्लामच्या कितीतरी आधीची. सूसा इथे शाऊर नदीकाठी प्राचीन इराणच्या हखामनी घराण्याचा राजा दुसरा अर्तक्षत्र याचा जो वाडा सापडला, त्यात रंगवलेल्या गिलाव्याचे तुकडे मिळाले. म्हणजे ही गोष्ट इसवी सनापूर्वी चौथ्या शतकापर्यंत मागे जाते. सासानी, म्हणजे इस्लामपूर्व इराणच्या शेवटच्या राजघराण्याच्या, काळाबद्दल परक्यांच्या साक्षी आहेत. इ.स. ३६३ मध्ये रोमन सैन्याबरोबर मेसोपोटेमियात गेलेला इतिहासकार अम्मियानस मार्सेलिनस राजाच्या शिकारीची चित्रं असलेल्या वाड्याचं वर्णन करतो आणि वर टोमणा मारतो की हे लोक कत्तल आणि लढाई सोडून दुसरं काही रंगवतच नाहीत. शत्रूचं मत आहे, तेवढं सोडून द्यावं.

नवव्या शतकातला अरब कवी अल-बुहतुरी टेसिफोन या जुन्या सासानी राजधानीतल्या पडक्या राजवाड्यात गेला होता. तिथे त्याला अँटिऑकच्या लढाईचं चित्र दिसलं. सासानी राजा खुस्रो अनुशिरवान हिरव्या पोशाखात, पिवळ्या घोड्यावर. कवितेत तो म्हणतो की चित्रातली माणसं जिवंत वाटतात, हात लावून खात्री करावीशी वाटते. ती भिंत आज नाही. चित्राची आठवण फक्त त्या कवितेत उरली आहे.

इस्लाममध्ये माणसांची चित्रं निषिद्ध ना? मग राजवाड्यांत ती कशी?

मशिदीत नसतात, राजवाड्यात असतात. हा फरक ध्यानात ठेवला की निम्मा गोंधळ मिटतो. आजच्या जॉर्डनमधल्या कुसैर अम्राच्या आठव्या शतकातल्या उमय्यद खलिफांच्या हवेलीत शिकार, स्नान आणि ओळीने उभे असलेले सहा राजे रंगवले आहेत. त्यांत सासानी खुस्रोही आहे. अफगाणिस्तानातल्या लष्करी बाजारला गझनवी सुलतानांच्या दरबारी दालनात भरजरी पोशाखातल्या पहारेकऱ्यांची रांग फ्रेंच उत्खननकारांना सापडली.

सर्वांत मजेदार गोष्ट मात्र बैहकी या इतिहासकारानं सांगितली आहे. गझनीच्या महमूदाचा मुलगा मसूद याने तरुणपणी हेरातच्या बागेतलं एक थंड दालन स्त्री-पुरुषांच्या प्रणयचित्रांनी भरून टाकलं होतं. बापाला कुणकुण लागली. त्याने एक स्वार धाडला: थेट जा, दार फोड, काय आहे ते बघून ये. मसूदचाही माणूस दरबारात होताच. त्याचा स्वार आधी पोचला, गवंडी बोलावले गेले आणि भिंतींवर सफेदी चढली. महमूदाच्या माणसाला कोऱ्या भिंती दिसल्या. बंदी असूनही राजपुत्र काय करत होते आणि चित्रं कशी नाहीशी होतात, दोन्ही गोष्टी या एका प्रसंगात आल्या आहेत.

चेहेल सोतूनला खरंच चाळीस खांब आहेत का?

इस्फहानच्या या सफवी वाड्याच्या नावाचा अर्थच 'चाळीस खांब', पण खांब वीसच आहेत. समोरच्या लांबलचक हौदात त्यांचं प्रतिबिंब धरलं की चाळीस होतात, असं सांगण्याची पद्धत आहे. दुसऱ्या शाह अब्बासने १६४७ मध्ये पुरा केलेला हा राहण्याचा महाल नव्हे. परदेशी वकील आणि पाहुणे यांच्यासाठीची ही दरबारी वास्तू. पुढे लाकडी खांबांची उंच ओसरी, तिच्या मागे मोठं दालन आणि बाजूला लहान खोल्या. १७०६ मध्ये इथे आग लागली आणि नंतर शाह सुलतान हुसेनच्या कारकिर्दीत डागडुजी झाली. आज तिची बाग युनेस्कोच्या 'पर्शियन बागा' या जागतिक वारसा नोंदीत आहे.

मोठ्या दालनात नेमकं काय रंगवलं आहे?

सहा मोठी ऐतिहासिक चित्रं. मूळची चार. त्यांतली तीन मेजवानीची आणि एक लढाईचं.

मेजवानीच्या तिन्ही चित्रांत इराणचा शाह पूर्वेकडून आलेल्या राजाचं स्वागत करतो आहे. पहिल्या चित्रात शाह तहमास्प आणि १५४४ मध्ये आश्रयाला आलेला हुमायून. दुसऱ्यात पहिला शाह अब्बास आणि बुखाऱ्याचा वली मुहम्मद खान, साल १६११. तिसऱ्यात खुद्द वाडा बांधणारा दुसरा अब्बास आणि नद्र मुहम्मद खान, साल १६४६. पाहुणे तिघंही गादी गमावून मदत मागायला आलेले. लढाईचं चित्र १५१० सालच्या मर्वचं आहे, ज्यात शाह इस्माईलने उझबेक शैबानी खानाला मारलं. हा तोच शैबानी, ज्याने तरुण बाबराला समरकंदमधून हुसकावलं होतं.

उरलेली दोन चित्रं सफवी राजवट संपल्यानंतर भरली गेली. एक १५१४ च्या चाल्दिरानचं. ती लढाई इराणी हरले होते, उस्मानी तुर्कांच्या तोफांपुढे त्यांचं घोडदळ टिकलं नाही. चित्रात मात्र शाह इस्माईलच नायक आहे. दुसरं १७३९ च्या कर्नालचं, नादिरशाह आणि मुघल बादशाह मुहम्मदशाह. यात हत्ती आहेत. मराठी वाचकाला हे साल वेगळ्या कारणाने ओळखीचं वाटेल: जेमतेम दोन वर्षांपूर्वी पहिला बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत जाऊन आला होता आणि बादशाहीची दुर्बळता उघडी पडली होती.

या भव्य चित्रांच्या खालच्या पट्ट्यात आणि बाजूच्या खोल्यांत लहान चित्रं आहेत. झाडाखाली रेललेली बाई, प्याला भरणारा तरुण, सहलीला निघालेली जोडपी. बहुतेक पर्यटक मान वर करून लढाया बघतात आणि यांच्यावरून नजर फिरवून निघून जातात. माझ्या मते चित्रकाराचा हात बघायचा तर तो इथेच बघावा. एकाच न थांबणाऱ्या रेषेत खांदा, कंबर आणि गुडघा येतात आणि रेषा कुठे जाड, कुठे केसासारखी बारीक होते.

हुमायूनच्या चित्राची एवढी चर्चा का?

कारण ते चित्र म्हणजे रंगात लिहिलेला राजनैतिक खलिता आहे. भेट झाली १५४४ मध्ये, चित्र निघालं शंभरेक वर्षांनी. मधल्या काळात कंदाहारचा किल्ला इराण आणि मुघल यांच्यात हातोहात फिरत राहिला. १६३८ मध्ये तो शाहजहानकडे गेला आणि १६४९ मध्ये दुसऱ्या अब्बासने परत जिंकला. अशा दिवसांत दालनात बसलेल्या परदेशी वकिलाच्या डोळ्यांसमोर काय होतं? शाहजहानचा पणजोबा आमच्या दारी मदत मागायला आला होता आणि आम्ही त्याला पाहुणचार दिला, हे दृश्य.

चित्रात अपमान कुठेही नाही. दोन्ही राजे शेजारी बसले आहेत, पुढे वादक आहेत, नर्तकी आहेत, दरबारी रांगेने बसलेत. सगळा थाट मैत्रीचा. उपकाराची आठवण करून द्यायची ती अशी हसतमुखाने. लढाईच्या चित्रापेक्षा हे चित्र जास्त बोचणारं आहे, असं मला वाटतं.

ही चित्रं रिझा अब्बासीने काढली का?

चेहेल सोतूनची नाही. सफवी दरबाराचा नामांकित चित्रकार रिझा अब्बासी १६३५ मध्ये वारला आणि वाडा १६४७ चा. तरीही हे नाव सर्रास चिकटवलं जातं. खरं आहे ते एवढंच की लहान चित्रांवर त्याच्या शैलीची दाट छाया आहे. सुट्या कागदावर एकच तरुण किंवा तरुणी काढायची त्याची जी पद्धत होती, ती शिष्यांनी आणि पुढच्या पिढीने भिंतीवर आणली. नक्श-ए-जहान चौकातल्या आली कापू वाड्याच्या चित्रांशी त्याचा किंवा त्याच्या गटाचा संबंध जोडला जातो, आणि तिथे निदान काळ तरी जुळतो.

मोठ्या ऐतिहासिक चित्रांवर सही नाही. अनेक हातांचं काम असावं, हे चेहऱ्यांतल्या फरकावरून दिसतं.

ही 'फ्रेस्को' आहेत का?

बोलताना सगळेच म्हणतात, पण नाहीत. फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर रंग लावतात आणि गिलावा वाळताना रंग त्यात मुरतो. इस्फहानमध्ये विटांच्या भिंतीवर माती आणि भुशाचा थर, त्यावर जिप्समचा गुळगुळीत पांढरा गिलावा, आणि तो पूर्ण वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग, अशी रीत होती. सोन्याचा वर्ख त्यावर. कोरड्यावर काम असल्यामुळे पोथीतल्यासारखी बारीक रेष ओढता येते आणि घाईही नसते. तोटा असा की रंग वरच्या वर बसतो. ओल आली की पापुद्रे सुटतात. अजिंठ्याची चित्रंही कोरड्या गिलाव्यावरचीच आहेत, आणि तिथे जपणुकीची जी डोकेदुखी आहे तिचं एक कारण हेच.

चित्रांत टोपीवाले युरोपीय लोक कुठून आले?

सतराव्या शतकातलं इस्फहान व्यापाराचं मोठं ठाणं होतं. डच आणि इंग्रज कंपन्यांच्या वखारी होत्या, ख्रिस्ती पाद्री होते, आणि नदीपलीकडे नव्या जुल्फात आर्मेनियन रेशीम व्यापाऱ्यांची अख्खी वस्ती. या व्यापाऱ्यांच्या हवेल्यांच्या भिंतीही रंगवलेल्या असत आणि त्यांच्या वांक चर्चमध्ये युरोपीय छापील चित्रांवरून बेतलेल्या बायबलकथा रंगवल्या गेल्या. डच चित्रकारही शाहच्या चाकरीत होते. फिलिप्स आंगेल हा त्यांतला एक.

त्यामुळे चेहेल सोतूनच्या बाजूच्या ओसऱ्यांत युरोपीय पोशाखातले स्त्री-पुरुष उभे आहेत, आणि आतल्या मोठ्या चित्रांत चेहऱ्यांना छायाप्रकाश, मागे दूर जाणारा निसर्ग असं काहीबाही शिरलं आहे. हा प्रयोग पूर्ण जमलेला नाही. एकाच चित्रात पुढच्या गालिचाला इराणी सपाटपणा आणि मागच्या डोंगराला युरोपीय खोली, असं चालतं. पण पुढच्या दीडशे वर्षांची इराणी चित्रकला याच धेडगुजरीतून वाढली. मुहम्मद झमान आणि अलीकुली जब्बादार यांनी १६७० च्या दशकात ही 'फिरंगी' रीत पोथीत पक्की केली.

मुघल चित्रकला इस्फहानच्या भिंतींतून आली, हे बरोबर आहे का?

क्रम उलटा लागतो. चेहेल सोतून उभं राहिलं तेव्हा मुघल चित्रशाळेला शंभर वर्षं होत आली होती. संबंध आहे, पण तो आधीचा आणि माणसांमार्फत आलेला. हुमायून इराणात होता तेव्हा शाह तहमास्पचं चित्रांवरचं मन उडू लागलं होतं. तब्रीझच्या तालमीतले चित्रकार मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद हुमायूनकडे काबूलला गेले आणि पुढे त्याच्याबरोबर दिल्लीला आले. अकबराच्या काळात हम्झानाम्याचं, म्हणजे अमीर हम्झाच्या साहसकथांच्या सचित्र पोथीचं, प्रचंड काम या दोघांच्या देखरेखीखाली झालं. फतेपूर सिक्रीच्या काही वास्तूंत रंगवलेल्या भिंतींचे अंश उरले आहेत, आणि लाहोरच्या किल्ल्याची जहांगीर-शाहजहानकालीन चित्रभिंत तर रंगीत फरशीकामात आहे: हत्तींच्या झुंजी, चोगान म्हणजे पोलो, परीसुद्धा.

गंमत अशी की ज्या भेटीमुळे इराणी चित्रकार हिंदुस्थानात आले, ती भेटच पुढे इस्फहानच्या भिंतीवर चढली.

अजिंठ्याच्या लेण्यात इराणी वकिलाचं चित्र आहे म्हणतात. खरं काय?

पहिल्या लेण्यात उंच टोप्या घातलेले परदेशी लोक आहेत, छताच्या चौकटीत तसेच लोक मद्यपान करताना दिसतात. पोशाख पश्चिमेकडचा, बहुधा इराणी वळणाचा, याबद्दल वाद नाही. १८७९ मध्ये जेम्स फर्ग्युसनने मांडलं की हा दुसऱ्या पुलकेशीच्या दरबारातला इराणचा सासानी राजा दुसरा खुस्रो याचा वकील आहे. पाठ्यपुस्तकांतून आणि गाइडांच्या तोंडून ते कायमचं रुजलं. आज अभ्यासकांचा मोठा गट हे लेणं वाकाटक हरिषेणाच्या काळचं, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं मानतो. पुलकेशी सातव्या शतकातला. तेव्हा तो वकील तो नव्हे. ते दृश्य बौद्ध कथेचा भाग असावं, आणि चित्रकारांनी परदेशी माणसं बाजारपेठेत, व्यापारी मार्गावर पाहिलेली असावीत.

इराणी राजवाड्याच्या चित्रांचा अजिंठ्यावर प्रभाव पडला, असं यावरून सिद्ध होत नाही.

मग महाराष्ट्राशी, दख्खनशी काहीच नातं नाही?

दख्खनशी आहे. विजापूर आणि गोवळकोंड्याच्या सुलतानांचे सफवी दरबाराशी पंथाचे आणि माणसांचे जवळचे संबंध होते. इराणी मंडळी जहाजाने येऊन इथल्या दरबारात मोठ्या हुद्द्यांवर बसत. विजापूरच्या असर महालाच्या वरच्या खोल्यांत फुलदाण्या आणि वेलबुट्टीची भित्तिचित्रं आहेत. विजापूरजवळच्या कुमटगीच्या जलमहालात पोलो खेळणारे, पैलवान आणि युरोपीय लोक रंगवलेले होते. विषयांची ही यादी इस्फहानच्या इतकी जवळ आहे की थबकायला होतं. दुर्दैवाने कुमटगीची चित्रं फार पुसट झाली आहेत आणि त्यांवर पर्यटकांनी कोरलेली नावं आहेत.

मराठेशाहीतल्या वाड्यांचं, उदाहरणार्थ मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्याचं, प्रकरण वेगळं. तिथली चित्रं पौराणिक आणि धार्मिक आहेत, आणि शैलीची ओढ राजस्थानी आणि उत्तर मुघल चित्रांकडे. त्यात इराणी अंश शोधलाच तर तो दोन-तीन हातांतून पाझरून आलेला. थेट प्रभाव म्हणणं ही ओढाताण होईल.

काजार काळात काय बदललं?

काजार हे अठराव्या शतकाच्या अखेरीस सत्तेवर आलेलं इराणी राजघराणं. त्यांच्या काळात भिंतीवरचं चित्र जाहिरात झालं. फतह अली शाह (कारकीर्द १७९७ ते १८३४) याला आपलं रूप सगळीकडे दिसायला हवं होतं: कमरेपर्यंत काळी दाढी, मुठीत मावेल अशी कंबर, अंगभर जवाहीर. तेहरानच्या निगारिस्तान वाड्यात अब्दुल्ला खान याने १८१२-१३ च्या सुमारास दालनाच्या तीन भिंतींवर पूर्ण दरबार रंगवला. मध्ये शाह आणि राजपुत्र, दोन्ही बाजूंना सरदार आणि परदेशी वकील, एकूण ११८ माणसाएवढ्या आकृती. त्यातले इंग्रज आणि फ्रेंच वकील प्रत्यक्षात वेगवेगळ्या वर्षी येऊन गेले होते. चित्रात ते एकाच वेळी हात बांधून उभे. वाडा गेला, चित्र गेलं. त्याच्या छोट्या नकला केल्या गेल्या होत्या म्हणून ते आपल्याला कळतं. त्याच चित्रकाराचं काम करजच्या सुलेमानिये वाड्यात मात्र शिल्लक आहे.

याच काळात तैलरंगातली मोठी चित्रं महिरपीच्या आकारात कापून भिंतीच्या कोनाड्यांत बसवू लागले. जगभरच्या संग्रहालयांतल्या अनेक काजार चित्रांना वर कमान असते ती यामुळे. पुढे १८५० च्या दशकात अबुल हसन गफारी, म्हणजे सनी-उल-मुल्क, याने निजामिये वाड्यासाठी नासिरुद्दीन शाहचा दरबार सात फलकांत रंगवला. त्यातले चेहरे साचेबंद नाहीत. कुणी जाडा, कुणी वैतागलेला, कुणी म्हातारा. त्याचा पुतण्या कमाल-उल-मुल्क याने वास्तववादी चित्रकलेची शाळाच काढली.

नंतरच्या कलावंतांवर खरा ठसा कुठे दिसतो?

माझं उत्तर थोडं अनपेक्षित वाटेल: चहाच्या दुकानांत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेहरानच्या 'कहवेखान्यां'त (प्यायचा तो मात्र चहा) कथेकरी शाहनामा या इराणी महाकाव्यातले आणि इमाम हुसेन यांच्या करबलाच्या हौतात्म्याचे प्रसंग सांगत. त्यांच्यासाठी मोठमोठे पडदे रंगवले जाऊ लागले. हुसेन कुल्लर-आगासी आणि मुहम्मद मुदब्बिर ही यातली दोन मोठी नावं. पिंगुळीच्या चित्रकथींनी पोथीतली एकेक चित्रं दाखवत रामायण-महाभारत सांगावं, तसा हा प्रकार, फक्त इथे सगळे प्रसंग एकाच पडद्यावर. मधोमध नायक सर्वांत मोठा, भोवती दाटीवाटीने लढाई, जागा म्हणून रिकामी सोडायची नाही. ही मांडणी राजवाड्याच्या लढाईचित्रांची आहे. राजा गेला, शाहनाम्यातला वीर रुस्तम आणि इमाम हुसेन आले. पैसे शाहऐवजी दुकानाचा मालक देऊ लागला.

दुसरी वाट आरशांची. सफवी आणि काजार वाड्यांत चित्रांच्या जोडीला आरशांचं बारीक काम असे. मुनीर फर्मानफर्माइयान यांनी विसाव्या शतकात तेच कसब भूमितीय, अमूर्त कलाकृतींत आणलं आणि न्यूयॉर्कपर्यंत नेलं. शादी गदीरियान यांच्या १९९८ च्या 'काजार' छायाचित्रमालेत जुन्या धर्तीच्या रंगवलेल्या पडद्यासमोर जुन्या वेशातल्या बायका आहेत, पण एकीच्या हातात पेप्सीचा डबा.

मातिसवरही यांचा प्रभाव होता ना?

फ्रेंच चित्रकार मातिसवर इराणी कलेचा होता, भिंतींचा नव्हे. १९१० च्या म्यूनिकच्या मोठ्या प्रदर्शनात त्याने पाहिले ते गालिचे, भांडी, पोथ्यांची पानं. इस्फहानला तो गेला नव्हता.

ही चित्रं इतकी वर्षं दिसत का नव्हती?

पांढरा चुना. एकोणिसाव्या शतकात बऱ्याच चित्रांवर सफेदी आणि गिलावा चढला. त्या शतकाच्या उत्तरार्धात इस्फहानचा सुभेदार असलेला जिल्लुस्सुलतान, नासिरुद्दीन शाहचा मुलगा, याने तर नदीकाठच्या आइना-खानासह अनेक सफवी वाडे पाडून टाकले. चेहेल सोतून वाचलं हे नशीब.

१९६० च्या दशकात रोमच्या इस्मेओ संस्थेच्या तज्ज्ञांनी इराणी कारागिरांबरोबर आली कापू, चेहेल सोतून आणि हश्त बेहेश्त या तीन वास्तूंवर काम सुरू केलं. आधी बांधकाम सावरलं, मग वरचे थर काढून खालची चित्रं मोकळी केली. जिथे रंग उडाला होता तिथे नवीन आकृत्या रंगवण्याचा मोह टाळला. या कामाला १९८० मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

इराणला न जाता काय बघता येईल?

भिंती हलत नाहीत, पण त्यांची भावंडं बाहेर आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये इस्फहानच्या बागेतल्या मंडपांचे फरशीचे फलक आहेत: झाडाखाली रेललेली स्त्री, समोर कापड घेऊन आलेला व्यापारी. चेहेल सोतूनच्या लहान चित्रांचा हा फरशीतला अवतार. दोन्ही संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर ते फुकट, मोठे करून बघता येतात. पास्काल कोस्त आणि यूजीन फ्लांदाँ हे फ्रेंच जोडीदार १८४०-४१ मध्ये इराणात फिरले आणि त्यांनी या वाड्यांची काढलेली चित्रं छापील स्वरूपात आली. सफेदी आणि पाडापाडीच्या आधीचं बरंच काही त्यात आहे.

चेहेल सोतूनची छायाचित्रं बघत असाल तर हुमायूनच्या चित्रात आधी राजांकडे जाऊ नका. खालून सुरुवात करा: नर्तकींचे हात, वादकांची बोटं, मग दरबाऱ्यांच्या पगड्या. कोण कुणाकडे बघतो आहे ते टिपत वर गेलात, की दोन राजांपैकी यजमान कोण हे नाव न वाचता ओळखता येतं.